'द फॉल' : कबुली देणाऱ्या माणसापासून जरा जपून (पुस्तक रिव्ह्यू)

अस्तित्ववादी साहित्य (आयुष्याला आयता अर्थ नसतो, निवड आणि तिची जबाबदारी माणसाचीच, असं मानणारं) कुठून सुरू करू असं कुणी विचारलं की बहुतेक जण डोळे झाकून फ्रेंच लेखक आल्बेर काम्यूचं 'द आउटसायडर' सांगतात. ठीकच आहे, छोटं आहे, पहिल्याच ओळीत आई गेलेली आहे, भर उन्हात खून आहे, कोर्ट आहे, तुरुंग आहे. पण अपराधीपणा, स्वातंत्र्य आणि एकटेपणा हे तिन्ही एकाच पुस्तकात हवे असतील, आणि कुणीतरी लेक्चर देतंय असं न वाटता हवे असतील, तर माझं मत त्याच काम्यूच्या 'द फॉल'ला. १९५६ ला फ्रेंचमध्ये आलं, पुढच्याच वर्षी त्याला नोबेल मिळालं आणि १९६० च्या जानेवारीत तो गाडीच्या अपघातात गेला, त्यामुळे त्याने स्वतः पुरी करून छापलेली ही शेवटची कादंबरी. खरं तर ती एका संग्रहातली कथा व्हायची होती, लिहिता लिहिता वाढत गेली म्हणून वेगळी काढली. आवृत्तीप्रमाणे शंभर ते दीडशे पानं, बस.

एक गोष्ट आधीच क्लिअर करते म्हणजे नंतर कुणी भांडायला नको. काम्यू स्वतः 'मी अस्तित्ववादी नाही' असं १९४५ पासून सांगत होता, आणि १९५२ मध्ये त्याचं आणि अस्तित्ववादाचा बिनीचा फ्रेंच तत्त्वज्ञ-लेखक सार्त्र याचं जाहीर भांडण झालं त्यानंतर तर संबंधच तुटले. तरी लोक दोघांना एकाच कप्प्यात ठेवतात आणि मीही ठेवणार आहे, कारण प्रश्न तेच आहेत, उत्तरं वेगळी. 'द फॉल' हे त्या भांडणानंतरचं पुस्तक, आणि त्यात सार्त्रच्या गोटाला मारलेले टोमणे आहेत असं बऱ्याच समीक्षकांनी म्हटलंय. गंमत म्हणजे काम्यू गेल्यावर सार्त्रने जी श्रद्धांजली लिहिली त्यात याच पुस्तकाला त्याचं कदाचित सगळ्यात सुंदर आणि सगळ्यात कमी समजलं गेलेलं पुस्तक म्हटलंय. टोमणे खाऊन हे लिहिलं म्हणजे मानलं पाहिजे.

तर मामला असा. अ‍ॅमस्टरडॅममध्ये 'मेक्सिको सिटी' नावाचा एक खलाशांचा बार आहे. तिथे जाँ-बाप्तिस्त क्लामांस नावाचा माणूस, जो पूर्वी पॅरिसमधला नावाजलेला वकील होता, एका अनोळखी गिऱ्हाइकाला गाठतो आणि बोलायला लागतो. पाच दिवस बोलतो. अख्ख्या पुस्तकात दुसरा आवाजच नाही. समोरचा माणूस विचारतो, हसतो, मधेच काहीतरी बोलतो, पण ते आपल्याला फक्त क्लामांसच्या उत्तरांवरून कळतं, फोनवर बोलणाऱ्याची एकच बाजू ऐकू यावी तसं. सुरुवातीला वाटतं की काय गोड माणूस आहे, शिकलेला, नम्र, स्वतःवर हसणारा. शहर दाखवतो, इथले गोलगोल कालवे नरकाच्या वर्तुळांसारखे दिसतात की नाही असं म्हणतो, आणि आपण राहतो ती ज्यूंची वस्ती होती, हिटलरच्या माणसांनी रिकामी केली, हे सांगताना त्या 'साफसफाई'चं इतक्या थंडपणे कौतुक करतो की आपण ती ओळ परत वाचतो. तिथेच कळायला पाहिजे की या माणसाचं बोलणं सरळ नाही, पण नाही कळत, कारण बोलतोच इतकं छान.

पॅरिसमधला क्लामांस म्हणजे चांगुलपणाचा पुतळा. विधवा आणि अनाथांच्या केसेस घेणार, गरिबाकडून पैसे घेणार नाही, बसमध्ये जागा देणार, रस्त्यात आंधळा माणूस दिसला की धावत जाऊन हात धरून पलीकडे नेणार. आणि इथे काम्यूने एक बारीक गोष्ट टाकलीय त्यावर मी फिदा आहे. आंधळ्याला पलीकडे सोडलं की क्लामांस त्याला हॅट उचलून नमस्कार करायचा. आंधळ्याला! तो स्वतःच विचारतो की त्याला तर दिसत नव्हतं, मग ती हॅट कुणासाठी? बघणाऱ्यांसाठी. भूमिका झाली, आता प्रेक्षकांना वाकून सलाम. सार्त्रने १९४३ मध्ये 'बीइंग अँड नथिंगनेस' या जाडजूड ग्रंथात कॅफेतल्या वेटरचं उदाहरण देऊन, माणूस वेटर 'असण्याची' अ‍ॅक्टिंग कशी करतो आणि त्या अ‍ॅक्टिंगमागे स्वतःचं स्वातंत्र्य कसं लपवतो हे समजावलंय, त्यावर लोकांनी पानंच्या पानं लिहिलीत, आणि काम्यू एक हॅट उचलून मोकळा होतो.

मग पूल. ज्यांना काहीच आधी माहीत नको असेल त्यांनी पुढचा पॅरा सोडा, पण खरं सांगायचं तर हे पुस्तक सस्पेन्सवर चालत नाही, काय झालं ते कळूनही काही बिघडत नाही.

नोव्हेंबरची रात्र, एक वाजून गेलाय, रिमझिम पाऊस. क्लामांस पाँ रॉयाल या पुलावरून घरी चाललाय. कठड्यावर वाकून नदीकडे बघणारी एक बारीक अंगाची तरुण बाई, काळे कपडे. कोट आणि केसांच्या मधे दिसणारी तिची ओली मान त्याच्या नजरेत भरते, तो क्षणभर घुटमळतो आणि पुढे जातो. पूल ओलांडून थोडा पुढे गेल्यावर पाण्यात काहीतरी पडल्याचा आवाज येतो. तो थांबतो. वळत नाही. मग किंकाळी, पुन्हा किंकाळी, प्रवाहाबरोबर लांब लांब जाणारी, आणि मग एकदम बंद. पळायला हवं असं त्याला वाटतं पण पाय हलत नाहीत. उशीर झाला, लांब आहे, असलं काहीतरी मनात येतं. मग तो सावकाश चालायला लागतो. कुणाला सांगत नाही. आणि सगळ्यात भयंकर तपशील म्हणजे पुढचे काही दिवस तो पेपर वाचत नाही.

हे पेपरचं वाक्य नसतं ना तर हा सगळा प्रसंग 'घाबरला बिचारा' म्हणून सोडून देता आला असता. घाबरण्यात अपराध नाही, शरीर गोठतं, होतं असं. पण पेपर न उघडणं ही निवड आहे, ती रोज सकाळी, शांत डोक्याने, नवीन केलेली. अस्तित्ववादी लोक स्वातंत्र्य स्वातंत्र्य म्हणतात ते हेच, मोठ्या क्षणापेक्षा त्यानंतरच्या छोट्या छोट्या सकाळी जे होतं ते. सार्त्रचं 'माणसाला स्वातंत्र्याची शिक्षा झालेली आहे' हे वाक्य कॉलेजात सगळ्यांनी वहीत लिहून ठेवलेलं असतं, त्याचा अर्थ मला त्या पेपरपाशी लागला. न निवडणं हीसुद्धा निवडच, वगैरे जे म्हणतात ते.

ही घटना पुस्तकात उशिरा येते. त्याच्या आधी, पहिल्याच भेटीत, क्लामांस नव्या दोस्ताला पुलापर्यंत सोडतो आणि तिथेच निरोप घेतो, रात्री मी पूल ओलांडत नाही, शपथ आहे म्हणतो, समजा कुणी पाण्यात उडी मारली तर? तेव्हा आपण हसतो. दुसऱ्यांदा वाचताना ते वाचवत नाही. आणि पुलाच्या घटनेनंतर दोन-तीन वर्षांनी, सगळं विसरून मजेत असताना, पाँ देझार या दुसऱ्या पुलावर उभा राहून सिगरेट पेटवणार इतक्यात त्याला मागून कुणीतरी हसल्याचं ऐकू येतं. वळून बघतो तर कुणी नाही. घरी जाऊन आरशात बघतो तर आपलं हसू दुहेरी दिसतंय असं वाटतं. तिथून त्याची घसरण सुरू.

आता माझा मुख्य मुद्दा, ज्यासाठी हे सगळं टाइप करतेय. बहुतेक रिव्ह्यूंमध्ये 'एका अपराधी माणसाचं प्रांजळ आत्मकथन' असं काहीतरी लिहिलेलं असतं, आणि मला वाटतं ते वाचणारे क्लामांसच्या जाळ्यात अडकलेले आहेत. हा माणूस प्रांजळ नाहीये. तो स्वतःला 'न्यायाधीश-पश्चात्तापी' म्हणवतो, तो त्याचा धंदा आहे, आणि शेवटच्या भागात तो धंदा कसा चालतो हे तो आपल्या तोंडाने सांगतो. आधी स्वतःवर चिखल ओतायचा, भरपूर, समोरचा संकोचेल इतका. मग बोलता बोलता 'मी'चा 'आपण' करायचा. स्वतःचं म्हणून रंगवलेलं चित्र हळूच समोरच्याच्या हातात द्यायचं, ते एव्हाना आरसा झालेलं असतं. मी स्वतःला जितका दोष देईन तितका तुम्हाला दोष द्यायचा माझा हक्क वाढतो, हा हिशोब. म्हणजे कबुली हे हत्यार. आजकाल 'मी पण चुकलो, आपण सगळेच चुकलो' अशा लांबलचक पोस्टी येतात आणि शेवटी चुकलेला माणूस सगळ्यांच्या वर उभा दिसतो, त्याची ब्लूप्रिंट १९५६ मध्ये काढून ठेवलीय.

हे नीट कळायला सार्त्रचं 'द फ्लाइज' हे नाटक शेजारी ठेवून बघा. १९४३, जर्मनांच्या ताब्यातलं पॅरिस. त्यात ग्रीक पुराणकथेतला राजपुत्र ओरेस्टिस परत येतो तेव्हा अख्खं आर्गोस शहर त्याच्या बापाच्या जुन्या खुनाच्या पश्चात्तापात बुडालेलं असतं, माश्या घोंघावत असतात, राजाला आणि देवाला तो पश्चात्ताप सोयीचाच असतो कारण अपराधी प्रजा डोकं वर काढत नाही. ओरेस्टिस आईला आणि राजाला मारतो, हे मी केलं, माझं आहे, असं म्हणतो, पस्तावायला साफ नकार देतो आणि सगळ्या माश्या स्वतःच्या मागे घेऊन शहराबाहेर पडतो. म्हणजे कृत्य आहे आणि पस्तावा नाही. क्लामांसचं बरोब्बर उलट, केलं काहीच नाही (तेच तर केलं!) आणि पस्तावा पोतंभर. एक जण अपराध अंगावर घेऊन बाकीच्यांना मोकळं करतो, दुसरा अपराध सगळ्यांना सारखा वाटून स्वतः हलका होतो. हे दोन एकापाठोपाठ वाचले की अपराधीपणावरचा अर्धा वाद समजतो, खरंच.

बाकीचे नातेवाईकही आहेत. दोस्तोयव्हस्कीचा 'नोट्स फ्रॉम अंडरग्राउंड'मधला (१८६४) तो चिडका माणूसही असाच न दिसणाऱ्या श्रोत्यांशी बडबडतो, पण त्याला आपल्याकडून काही उकळायचं नसतं, तो स्वतःलाच टोचत बसलेला असतो. काफ्काच्या 'द ट्रायल'मध्ये योसेफ के.ला शेवटपर्यंत आरोप काय ते कळत नाही. 'आउटसायडर'चा नायक मर्सो याच्यावर खुनाचा खटला असतो पण कोर्टात चर्चा चालते आईच्या अंत्यविधीला का रडला नाहीस याची. क्लामांसची गोची याहून वेगळी, त्याच्यावर कुणी आरोपच करत नाही! पोलीस नाही, साक्षीदार नाही, सगळे अजून त्याला भला माणूसच समजतात. कोर्ट नाही तर सुटकाही नाही. म्हणून तो स्वतःच कोर्ट उघडून बसतो, आणि शेवटच्या न्यायाच्या दिवसाची वाट बघू नका, तो रोज होतो, असं वर ऐकवतो.

स्वातंत्र्याबद्दलचं त्याचं बोलणं शेवटच्या भागात आहे आणि ते मला पुस्तकातलं सगळ्यात थकवणारं वाटलं, चांगल्या अर्थाने. तो तापाने अंथरुणावर पडलाय. म्हणतो, मी पण तरुणपणी स्वातंत्र्याचा जप करायचो, मला वाटायचं ते बक्षीस आहे, शँपेन फोडून साजरं करायचं. तसलं काही नसतं, ती लांब पल्ल्याची एकट्याने धावायची शर्यत आहे, ना शँपेन ना दोस्त, आरोपीच्या पिंजऱ्यात एकटा, निकाल देतानाही एकटा. स्वातंत्र्याच्या शेवटाला निकाल असतोच, म्हणून ते पेलवत नाही, त्यात ताप असेल किंवा आपलं कुणावर प्रेम नसेल तर अजिबातच नाही. हे 'प्रेम नसेल तर' तो जाता जाता टाकतो आणि पुढे जातो, पण मला वाटतं स्वातंत्र्य आणि एकटेपणाची गाठ तिथेच बांधलेली आहे. त्याचा उपाय मग काय, मालक शोधा, कुणाच्या तरी पायावर डोकं ठेवा, गुलामीत सगळे सारखे. तो हे गमतीत म्हणतो की खरंच, हे मला अजून ठरवता आलेलं नाही, आणि युद्ध नुकतंच पाहिलेल्या लेखकाने हे लिहिलंय हे लक्षात ठेवलं की गंमत कमी वाटते.

एकटेपणा तर पुस्तकाच्या बांधणीतच आहे, वेगळा सांगावा लागत नाही. एक माणूस अखंड बोलतोय आणि समोरच्याला एक वाक्य मिळत नाही, याला संवाद कसं म्हणायचं. सार्त्रच्या 'नो एक्झिट'मध्ये (१९४४) निदान तीन जण एका खोलीत बंद असतात, एकमेकांना ओरबाडतात, 'दुसरी माणसं म्हणजेच नरक' ते तिथलं. क्लामांसला दुसरं माणूस लागतं पण फक्त आरसा धरायला. मध्ययुगातल्या एका कोठडीचं तो वर्णन करतो, जिच्यात धड उभं राहता येत नाही आणि धड आडवं होता येत नाही, कायम तिरकं बसायचं. त्याच्या खोलीत फारसं सामान नाही, पुस्तकं नाहीत, पण कपाटात एक चित्र आहे. व्हॅन आइक या जुन्या चित्रकाराच्या, बेल्जियममधल्या गेंटच्या चर्चमधल्या प्रसिद्ध वेदीचित्राचा 'न्यायी न्यायाधीश' हा भाग. हा भाग खरोखर १९३४ मध्ये चर्चमधून चोरीला गेला, अजून सापडलेला नाही, तिथे आता नक्कल लावलेली आहे. काम्यूने ती खरी चोरी उचलून क्लामांसच्या कपाटात ठेवली. खरे न्यायाधीश कुलपात, खोटे भिंतीवर, आणि क्लामांसला छुपी आशा की या चोरीसाठी तरी कुणी पकडेल. पुलाबद्दल कुणी पकडणार नाही हे त्याला माहितीये ना.

आता प्रॉडक्ट म्हणून. इंग्रजीत मी दोन भाषांतरं वाचलीत, जस्टिन ओब्रायनचं जुनं आणि रॉबिन बसचं नंतरचं. ओब्रायनचा क्लामांस जास्त वकिली, घोळवून बोलणारा, बसचा जरा सरळ, आजचा. पहिल्यांदा वाचणार असाल तर बस घ्या, पण मला ओब्रायनचाच आवडतो कारण या माणसाच्या तोंडी थोडं तेल असायलाच हवं. ऑडिओबुकही ऐकून बघितलं, एकच माणूस बोलतोय म्हणजे भारी होईल असं वाटलं होतं, पण पुस्तकात 'थांब, आत्ता हा काय म्हणाला' करून मागे जावं लागतं, कानात तो तुम्हाला ओढत पुढे नेतो, आणि ही नेमकी त्याला हवी असलेली गोष्ट आहे. प्रस्तावना असेल तर ती शेवटी वाचा. माझ्याकडच्या एका आवृत्तीत प्रस्तावनाकाराने पहिल्या दोन पानांत कादंबरीची पार चिरफाड करून टाकलीय, कशासाठी देव जाणे.

तक्रार एकच पण मोठी आहे. ती पुलावरची बाई. नाव नाही, चेहरा नाही, फक्त मान आणि किंकाळी. पुस्तकातल्या बाकीच्या बायकाही क्लामांसच्या यशाच्या यादीत येतात नि जातात. याला उत्तर म्हणून सांगतात की बोलणारा क्लामांस आहे, त्याला कुणीच दिसत नाही हाच तर मुद्दा, आणि ते पटतंही. पण 'आउटसायडर'मधल्या खून झालेल्या अरबालाही नाव नव्हतं, आणि तिथे तर बोलणारा मर्सो होता. दोन पुस्तकं, दोन मेलेली माणसं, दोघं बेनाव, मग हे सगळं निवेदकावर ढकलून लेखकाला सोडायचं का हा प्रश्न उरतोच. अपराधीपणावर इतकं लिहिलं पण ज्याच्याबाबत अपराध झाला त्याच्याबद्दल अवाक्षर नाही, ही खोट एकट्या काम्यूची नाही, या सगळ्याच मंडळींची आहे, सगळं लक्ष अपराध्याच्या आतड्याकडे. यासाठी अर्धा स्टार कापला, पाचपैकी साडेचार.

कुणी घेऊ नये तेही सांगते. सध्या मनातून खचलेले असाल, कुणी जवळचं माणूस गेलं असेल आणि 'मी काहीतरी करायला हवं होतं' हे डोक्यात फिरत असेल तर आत्ता नको, खरंच नको, हे पुस्तक धीर देत नाही आणि क्लामांस तर जखम बघून खुर्ची जवळ ओढणारा माणूस आहे. बरं वाटल्यावर वाचा. ज्यांना गोष्टीत काहीतरी 'घडायला' हवं असतं त्यांनाही कंटाळा येईल. 'कोसला'तल्या पांडुरंगाचं उदाहरणार्थ-वगैरे ज्यांनी मजेत ऐकून घेतलं त्यांना मात्र एकट्याची बडबड चालते, त्यांनी बिनधास्त घ्या.

क्रम विचाराल तर आधी 'आउटसायडर', मग हे, मग लगेच कामेल दाऊदचं 'द मर्सो इन्व्हेस्टिगेशन'. अल्जेरियन लेखक आहे, मूळ फ्रेंच २०१३ चं. मेलेल्या अरबाचा भाऊ बारमध्ये बसून एका अनोळखी माणसाला सगळं सांगतो, म्हणजे विषय 'आउटसायडर'चा आणि बैठक थेट 'द फॉल'ची, आणि त्या अरबाला तिथे नाव मिळतं, मूसा. पाँ रॉयालवरच्या बाईसाठी असं कुणी लिहिलेलं माझ्या वाचनात नाही, कुणाला माहीत असेल तर खाली सांगा, मी घेईन.